बंपरची बदली

जुन्या मोटारीचा नवा मालक सुरुवातीच्या काही महिन्यांत जी खटपट आरंभतो, तीत ब्रेक, इंजिन आणि विजेच्या तारा यांचा क्रम न्यायाने आधी लागावयास हवा. परंतु पुष्कळदा असे घडते की गाडी दारात येऊन उभी राहते न राहते तोच मालकाची दृष्टी बंपरवर जाऊन खिळते, आणि तो बदलल्यावाचून ही गाडी आपल्या मनातल्या गाडीसारखी दिसावयाची नाही, अशी त्याची खात्री पटते. ही खात्री सर्वस्वी निराधार असते असे म्हणवत नाही, कारण समोरून पाहणाऱ्याला मोटारीचा चेहरा म्हणून जे काही दिसते, त्यात दिवे, जाळी आणि बंपर यांवाचून चौथे फारसे काही नसतेच. शिवाय बंपर म्हणजे चार-सहा बोल्टांवर टांगलेली एक धातूची पट्टी, ती सोडविली आणि दुसरी चढविली की काम फत्ते, असा एक सार्वत्रिक समजही त्याच्या पाठीशी उभा असतो. काही गाड्यांच्या बाबतीत हा समज खराही ठरतो. परंतु प्रस्तुत लेखात जिचे उदाहरण विस्ताराने घ्यावयाचे आहे, त्या एम. जी. बी. नामक इंग्रजी मोटारीच्या बाबतीत बंपरची बदली म्हणजे केवळ अलंकार बदलणे नव्हे. अमेरिकेतील एका कायद्याने त्या गाडीच्या अंगात जे फेरफार घडवून आणले, ते एकेक करून उलटे फिरविण्याचा तो उद्योग आहे, आणि त्याचे मर्म कळण्यासाठी प्रथम त्या कायद्याकडे, व त्याच्याही आधी बंपर या वस्तूच्या प्रयोजनाकडे वळले पाहिजे.

टक्कर झेलण्यासाठी मोटारीपुढे काहीतरी मऊ असावे ही कल्पना मोटारीइतकीच जुनी आहे. फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाने विसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभीच, हवा भरलेल्या रबराचे बंपर लावण्याचा प्रयोग केला होता. पुढे मात्र या वस्तूचा उपयोग मागे पडून तिची शोभाच वाढत गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत बंपर म्हणजे क्रोमचा मुलामा दिलेला, बाकदार आणि झळझळीत पोलादी पत्रा, व त्यावर दोन बाजूंना उभे ठोकलेले ओव्हररायडर, असा शिरस्ताच पडून गेला. आणि हा पत्रा गाडीच्या अंगाला इतका बिलगून बसविलेला असे की हलका धक्का बसला तरी बंपर आत दबून त्याच्यामागचा दिवा, जाळी वा मडगार्ड यांना सोबत घेऊनच वाकत असे. दाराला लावलेला शोभेचा अडसर चोराला जितपत अडवील, तितपतच तो टकरीला अडवी.

वस्तुतः टक्कर झेलणे म्हणजे काय, याचा हिशेब शाळकरी पदार्थविज्ञानानेही मांडता येतो. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, सबब वेग दुप्पट झाला तर जिरवावयाची ऊर्जा चौपट होते. एक टन वजनाची गाडी ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली तर अंदाजे 2,500 ज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. ती जिरण्यासाठी बंपरला मागे सरकावयास 5 सेंटिमीटर जागा मिळाली, तर गाडीच्या सांगाड्यावर येणारा सरासरी दाब पाच टन वजनाइतका असतो. तीच जागा अवघी 1 सेंटिमीटर असेल तर तो पंचवीस टनांवर जातो. टक्कर झेलण्याचे सारे शास्त्र म्हणजे अशी थोडी अधिक जागा आणि तीत सावकाश दबणारा पदार्थ मिळविण्याची विद्या होय. अंगाला बिलगलेल्या क्रोमच्या पट्टीजवळ ही जागाही नव्हती आणि हा पदार्थही नव्हता.

अमेरिकेतील विमा कंपन्यांना या गोष्टीचा जाच प्रथम आणि विशेष जाणवला, यात नवल नाही. वाहनतळावर झालेल्या क्षुल्लक धक्क्यापायी दिवे, जाळी आणि पत्रे यांची भरपाई त्यांनाच करावी लागत असे. तेथील संघ-सरकारने मोटारींच्या सुरक्षिततेसाठी जी मानके जारी केली, त्यांपैकी 215 क्रमांकाचे मानक बंपरविषयी होते. 1973 सालच्या नमुन्यांपासून ते अमलात आले, आणि त्याअन्वये ताशी 5 मैल वेगाने पुढून व अडीच मैल वेगाने मागून भिंतीवर आदळूनही गाडीचे दिवे, इंधनाची व्यवस्था आदी सुरक्षिततेशी निगडित भाग शाबूत राहिले पाहिजेत, अशी अट घालण्यात आली. पुढील वर्षी ती अधिक कडक झाली: मागच्या बाजूलाही 5 मैलांची कसोटी लागू झाली, आणि एका गाडीचा बंपर दुसरीच्या बंपरलाच भिडावा, खाली वा वर घसरू नये, या हेतूने जमिनीपासून 16 ते 20 इंच उंचीच्या पट्ट्यात लंबकाचे आघात करून तो तपासण्याची पद्धत रूढ करण्यात आली. उंचीची ही तरतूद वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे रामायण तिच्यातूनच उद्भवले आहे. रेगन यांच्या कारकीर्दीत, 1982 साली, ही मर्यादा 5 मैलांवरून पुन्हा अडीचवर आणण्यात आली. पण तोवर ज्या गाडीविषयी आपण बोलत आहोत तिचा कारखाना बंदही पडून गेला होता.

एम. जी. बी. ही दोन आसनांची उघडी मोटार 1962 साली इंग्लंडातील ॲबिंग्डन या गावच्या कारखान्यातून प्रथम बाहेर पडली आणि 1980 सालच्या ऑक्टोबरपर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. या अठरा वर्षांत तिची संख्या पाच लाखांच्या पलीकडे गेली, आणि त्यांतल्या बहुसंख्य गाड्या अमेरिकेलाच रवाना झाल्या. तिच्या पूर्वीच्या एम. जी. ए. या गाडीला वेगळी चासी होती आणि वरचा देह तिच्यावर बसविलेला असे. एम. जी. बी.मध्ये मात्र चासी आणि देह यांचे अद्वैत साधलेले होते. पत्र्याचे निरनिराळे भाग एकमेकांना वेल्ड करून जी एकसंध पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा आणि तीच तिची कातडी. बंपर बदलण्याच्या प्रश्नात या रचनेला फार महत्त्व आहे, कारण अशा गाडीत शोभेचा पत्रा कोठे संपतो आणि भार वाहणारा पत्रा कोठे सुरू होतो, हे नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही.

ॲबिंग्डनच्या अभियंत्यांना नव्या कायद्याशी जुळवून घ्यावयाचे होते, परंतु त्यांची मालक कंपनी ब्रिटिश लेलँड ही त्या काळी आर्थिक संकटात सापडलेली होती, आणि दहा-बारा वर्षांच्या जुन्या नमुन्याचे मुख नव्याने घडविण्याइतका पैसा मिळण्याची आशा नव्हती. प्रथम, 1974 सालाच्या आरंभीच्या गाड्यांना, क्रोमचा बंपर कायम ठेवून त्यावर रबराचे अवाढव्य ओव्हररायडर बसविण्याची तात्पुरती तजवीज करण्यात आली. त्यांच्या पुष्ट आकारामुळे मोटारशौकिनांनी त्यांना सब्रिना हे एका इंग्रज नटीचे नाव बहाल केले. त्या नामकरणातील रसिकतेचा खुलासा करण्याची आवश्यकता नाही. त्यानंतर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कायमचा इलाज अवतरला: आत पोलादी तुळई, तिच्यावर पॉलियुरेथेनचे जाड काळे आवरण, आणि जाळी, बाजूचे दिवे व दिशादर्शक दिवे हे सारे आपल्या पोटात घेणारे एक अखंड मुखच गाडीच्या पुढे बसविण्यात आले. त्याला रबरी बंपर म्हणण्याचा प्रघात पडला आहे, वास्तविक ते रबर नव्हे.

मला हे काळे मुख कुरूप वाटत नाही, हे येथेच सांगून टाकलेले बरे. अमेरिकेसाठी घाईघाईने केलेल्या इतर अनेक गाड्यांच्या पुढेमागे लोखंडी कठडे बाहेर काढल्यासारखे दिसतात, त्या मानाने ॲबिंग्डनच्या आरेखकांनी गाडीच्या मूळ वळणाशी जमेल तितके इमान राखले. परंतु दिसण्यापेक्षा गंभीर तक्रार निराळीच होती. बंपर कायद्याने नेमलेल्या उंचीवर यावा म्हणून संपूर्ण गाडीच सुमारे एक इंच उचलण्यात आली, आणि त्यासाठी पुढच्या चाकांचा भार वाहणाऱ्या आडव्या तुळईपासून मागच्या कमानपाट्यांपर्यंत सर्वत्र फेरफार करण्यात आले. त्यातच, आता दोन्ही टोकांना जड बंपर लटकत असताना, उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडी कलंडू न देणारी पोलादी सळई, खर्चात काटकसर म्हणून काढून टाकण्यात आला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. जी गाडी वळणे घेण्याच्या सफाईबद्दल नावाजलेली होती, ती वळणावर झोकांड्या देऊ लागली. 1977 सालच्या नमुन्यापासून पुढे आणि मागे दोन्हीकडे अशा सळया देऊन हा दोष बराचसा दूर करण्यात आला, परंतु उंची मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. त्याच सुमारास अमेरिकेतील धुराच्या निर्बंधांमुळे तिकडे जाणाऱ्या इंजिनाला दोनाऐवजी एकच कार्ब्युरेटर देण्यात येऊन, मूळच्या 95 अश्वशक्तीच्या जागी 62 च उरली होती. मोजणीची पद्धत दरम्यान बदलली होती हे हिशेबात धरले तरी घट मोठीच होती, आणि या सर्व दुर्दशेचे खापर लोकांनी त्या बिचाऱ्या काळ्या बंपरवर फोडले, कारण तोच काय तो डोळ्यांना दिसत होता.

येथे एक गोष्ट तुलनेसाठी नमूद करण्याजोगी आहे. स्टुटगार्टच्या दोन मातबर कारखान्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. मर्सिडीजने आपल्या 107 मालिकेच्या दोन आसनी गाड्यांना युरोपासाठी सडपातळ क्रोमचा बंपर कायम ठेवला आणि अमेरिकेसाठी पुढेमागे हातभर निघालेला अवजड बंपर वेगळा केला. पॉर्शेने 911 गाडीला 1974 सालापासून सर्व जगासाठी एकच ॲल्युमिनियमचा बंपर दिला, त्याच्या बगलेत घड्यांचे काळे रबर बसविले, आणि त्याच्यामागे अमेरिकेत धक्का खाऊन पुन्हा पूर्वस्थितीवर येणारे तेलाचे दट्टे व इतरत्र एकदाच चेपणाऱ्या साध्या नळ्या घातल्या. अमेरिकेतून युरोपात परत आलेल्या मर्सिडीजला युरोपीय बंपर लावणे हे काम पुष्कळसे सोडण्या-जोडण्याचेच राहते. मूळ कारखान्यानेच दोन्ही बंपरांची सोय देहात ठेवलेली असते. ब्रिटिश लेलँडला अशी चैन परवडणारी नव्हती. एकच बंपर, सर्व जगाला. आणि म्हणून सप्टेंबर 1974 नंतर जन्मलेल्या एम. जी. बी.च्या देहात क्रोमच्या बंपरसाठी जागाच शिल्लक ठेवलेली नाही.

ही जागा पुन्हा निर्माण करावयाची म्हणजे काय करावे लागते, ते आता पाहू. काळा बंपर सोडविणे तितकेसे कठीण नाही; मात्र आतल्या पोलादामुळे तो इतका जड असतो की शेवटचा बोल्ट निघण्यापूर्वी दुसरा माणूस हाताशी असणे इष्ट, आणि पन्नास वर्षांचे गंजलेले बोल्ट आदल्या दिवशीपासूनच तेलात भिजवून ठेवणे शहाणपणाचे. तो उतरल्यावर जे दृश्य दिसते, ते पाहून अनेकांचा उत्साह मावळतो. जाळीच्या खाली, जेथे जुन्या गाडीत वळणदार पत्रा असतो, तेथे काहीच नाही. देहाच्या दोन लांब पेट्यांची टोके बंपर पेलण्यासाठी पुढे काढलेली व मजबूत केलेली आहेत. मडगार्डांच्या पुढच्या कडा बंपरच्या आकारानुसार कापलेल्या आहेत, आणि ज्या ठिकाणी जुन्या गाडीत दिशादर्शक दिवे बसत, त्या ठिकाणी भोकेच नाहीत. सबब पेट्यांची टोके कापून क्रोमच्या बंपरचे आधारपाटे बसतील अशी करावी लागतात, खालचा पत्रा नवा जोडावा लागतो, जाळीला स्वतःची चौकट व आधार द्यावे लागतात, आणि दिव्यांच्या तारा लांबवून नव्या जागी न्याव्या लागतात. पुढची मडगार्डे एम. जी. बी.मध्ये बोल्टांनी बसविलेली असतात, हीच काय ती दैवाची कृपा. जुन्या नमुन्याची जोडी आणून ती बदलता येते.

मागच्या बाजूला ही कृपाही नाही. तेथील मडगार्डे देहाला वेल्ड केलेली असून, रबरी बंपर सामावून घेण्यासाठी त्यांचे खालचे कोपरे निराळ्या आकाराचे केलेले आहेत. म्हणून दिव्यांच्या खालचा भाग कापून त्या जागी जुन्या आकाराचे तुकडे वेल्ड करावे लागतात, मागील खालचा पत्राही त्यांच्याशी जुळता घ्यावा लागतो, आणि नंबरप्लेटच्या दिव्यांचीही फिरून व्यवस्था लावावी लागते. हे काम डेंटिंग करणाऱ्या कुशल कारागिराचे आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा आंबोळीसारखा उठू नये म्हणून तो एका सलग रेघेत न जोडता, दूरदूर टाके घालून, थंड होऊ देत देत जोडावयाचा असतो. आणि ज्याने हे केले नाही त्याच्या चुका पुटीच्या जाड थराखाली दोन पावसाळे लपतात, तिसऱ्यात उघड्या पडतात. पेट्रोलची टाकी याच परिसरात, गाडीच्या मागील तळाशी असते. ती आधी उतरवून दूर नेल्यावाचून येथे ठिणगी पाडणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याच्या हाती गाडी देऊ नये.

इतके झाले म्हणजे गाडीचे रूप पालटते, परंतु उंची तशीच राहिलेली असते. आणि क्रोमचा नाजूक बंपर लावलेली पण टाचा उंच केल्यासारखी उभी असलेली एम. जी. बी. फार विजोड दिसते. मागची बाजू खाली आणण्यासाठी दोन उपाय आहेत. कमानपाटे आणि मागचा आस यांच्यामध्ये धातूचे ठोकळे घालावेत, किंवा कमी बाकाचे, जुन्या धाटणीचे कमानपाटेच आणावेत. ठोकळे स्वस्त आणि पाटे उत्तम, असा सरळ हिशेब आहे. पुढच्या बाजूस आखूड स्प्रिंगा घालून बहुतेक लोक काम भागवितात. संपूर्ण इलाज हवा असेल तर जुन्या नमुन्याची आडवी तुळईच आणावी लागते, परंतु तिच्याबरोबर स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन आणि त्याची लांबी यांचाही मेळ बसवावा लागतो. अर्धवट माहितीवर या वाटेने जाणाऱ्याने गाडीच्या दिसण्यासाठी तिचे सुकाणू धोक्यात घातले असेच म्हणावे लागेल. मला विचाराल तर आखूड स्प्रिंगा, दोन्हीकडे अँटी-रोल बार आणि चाकांचे काळजीपूर्वक संरेखन, एवढ्यावर समाधान मानण्यात कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष बंपरची निवड. जुना, मूळचा क्रोमचा बंपर मिळाला तर तो ठोकून सरळ करून पुन्हा मुलामा देता येतो. या मुलाम्याविषयी लोकांत बराच गैरसमज आहे. क्रोमियमचा थर चकाकतो खरा, पण तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि त्यात सूक्ष्म तडे असतात. पोलादाला गंजापासून वाचविण्याचे खरे कार्य त्याच्याखालचा, त्याच्या कितीतरी पट जाड असलेला निकेलचा थर करीत असतो, आणि त्याच्याही खाली पुष्कळदा तांब्याचा थर दिलेला असतो, जो घासून गुळगुळीत करता येतो म्हणून बारीक खाचखळगे भरून निघतात. यावरून ध्यानात येईल की मुलामा देणाऱ्याचे कौशल्य आम्लाच्या हौदात नसून त्याआधीच्या घासण्यात आहे, आणि खर्चाचा मोठा हिस्साही तेथेच जातो. जो कारागीर स्वस्तात आणि तातडीने मुलामा देण्याचे कबूल करतो, तो बहुधा निकेलमध्ये हात आखडतो. नवे असताना चांगल्या आणि आखडत्या मुलाम्याचे दोन्ही बंपर सारखेच चमकतात, वर्षभराने त्यांतल्या एकावर तांबूस पुळ्या उठतात. क्रोम चढविण्याच्या जुन्या पद्धतीत षट्संयुजी क्रोमियमची द्रावणे वापरली जातात, ती कर्करोगाला कारणीभूत होतात. त्यामुळे त्यांच्यावरील निर्बंध देशोदेशी कडक होत चालले आहेत.

दुसरा पर्याय स्टेनलेस स्टीलच्या नव्या बंपरचा. त्यात मुलामाच नसल्यामुळे तो सोलवटून निघण्याचे भय नाही, ओरखडा उठला तर पॉलिश करून घालविता येतो. परंतु क्रोमच्या झळाळीत एक निळसर छटा असते आणि स्टेनलेस स्टीलच्या झळाळीत किंचित पिवळसर. जाळी क्रोमची आणि बंपर स्टीलचा असा संसार मांडला तर जाणत्याच्या डोळ्याला तो भेद लगेच दिसतो. शिवाय स्टेनलेस म्हणजे कधीच न डागाळणारे असे नव्हे. मुंबई, अलिबाग वा पणजीसारख्या ठिकाणी, जेथे वाऱ्यातच मीठ असते, तेथे 304 जातीच्या स्टीलवर चहाच्या रंगाचे डाग पडू लागतात. 316 जातीत मॉलिब्डेनम असल्यामुळे ते अधिक टिकाव धरते. फायबरग्लासचे बंपरही मिळतात. शर्यतीच्या गाडीचे वजन घटविण्यासाठी ते ठीक आहेत. रस्त्यावरील गाडीला ते लावणे म्हणजे बंपर न लावण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

बंपर कोणताही असो, तो चढविण्याची रीत एकच, आणि तीत उतावळेपणाला वाव नाही. रंगकामाआधी कच्ची जुळणी करून पाहावी. नव्याने घडविलेल्या बंपरांची वळणे मूळच्याशी तंतोतंत जुळतातच असे नाही, आणि रंग झाल्यावर आधारपाट्याचे भोक कानशीने वाढविण्याची पाळी आली तर नवा रंग हमखास उडतो. आधारपाटे प्रथम गाडीला ढिले लावावेत, मग बंपर त्यांना ढिलाच जोडावा, आणि सर्व बोल्ट हाताने बसले आहेत अशी खात्री झाल्यावरच सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची मोजावी. मात्र गाडीच्याच एका बाजूची कमान दबलेली असेल तर ही उंची फसवील. अशा वेळी पाणसळीपेक्षा बॉनेटची कड आणि जाळी यांच्याशी समांतर रेषा हाच अधिक भरवशाचा पुरावा. मडगार्ड आणि बंपर यांच्यामध्ये दोन्हीकडे सारखी फट राहिली पाहिजे, आणि ती सारखी येत नसेल तर जोर लावून बंपर ओढण्याऐवजी आधारपाट्याखाली वायसर घालून ती साधावी. ताणून बसविलेला बंपर प्रत्येक खड्ड्यात कुरकुरतो आणि अखेर बोल्टाच्या भोकापाशी तडकतो. शेवटी बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे, दोन्ही बाजूंनी आवळावेत. दिशादर्शक दिव्यांना देहाची अर्थिंग नीट मिळाली आहे की नाही, हे रंग झालेल्या पत्र्यावर हटकून तपासावे. नव्या रंगाचा थर विजेला अडवितो आणि मग डावा दिवा लावला की उजवा मिणमिणू लागतो.

हे सारे करून हाती जे येते, ते दिसावयास सुरेख असले तरी टक्कर झेलण्याच्या बाबतीत काळ्या बंपरहून कमीच आहे, हे मालकाने मनाशी कबूल करून ठेवले पाहिजे. काळ्या बंपरला ताशी 5 मैलांच्या कसोटीला उतरावे लागले होते. क्रोमच्या पट्टीला कोणतीही कसोटी नव्हती. आणि दुसरी बाजूही तितकीच खरी, की दोन्ही प्रकारच्या एम. जी. बी. आजच्या गाडीशी मोठ्या वेगात भिडल्या तर बंपर कोणता आहे, याने आतल्या माणसांच्या नशिबात फारसा फरक पडावयाचा नाही. त्या वेगात सांगाडा आणि आसनपट्टे यांचाच काय तो आधार. बंपरकडून मोठ्या अपघातातील संरक्षणाची अपेक्षा करणे, किंवा तो जितका दणकट तितकी गाडी सुरक्षित असे मानणे, ही चूक आपल्याकडेही सर्रास होते. जीपच्या आणि मोठ्या गाड्यांच्या पुढे लोखंडी गार्ड लावण्याची जी हौस आपल्या रस्त्यांवर दिसे, तिच्यामुळे टकरीचा जोर जिरण्याऐवजी थेट सांगाड्यात शिरतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा होते, या कारणास्तव केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाविरुद्ध असल्याचे राज्यांना कळविले.

मूळ स्वरूप आणि फेरफार यांचा वाद जुन्या मोटारींच्या जगात बंपरपुरता मर्यादित नाही. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिने जी ट्युरिन सनद स्वीकारली आहे, तीत वाहनाच्या इतिहासाचा आदर राखावा, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि शक्य तेथे फेरफार पुन्हा उलटविता येतील असे असावेत, अशी भूमिका घेतलेली आहे. ही सनद म्हणजे हुकूम नव्हे, परंतु बंपरच्या प्रश्नात तिच्यासारखी दुसरी कसोटी मला सापडलेली नाही. मर्सिडीजचा अमेरिकी बंपर उतरवून युरोपीय चढवावा, काढलेला बंपर पोतेऱ्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा, उद्या नव्या मालकाला वाटले तर त्याने तो पुन्हा लावावा; यात इतिहासाचे काही बिघडत नाही. एम. जी. बी.चे मागचे मडगार्ड कापले की मात्र परतीची वाट बंद होते. म्हणून माझे मत असे की ज्या गाडीची मडगार्डे आणि खालचे पत्रे गंजाने आधीच खाल्ले आहेत, आणि जी नाहीतरी कापून जोडावयाचीच आहे, तिला जुना चेहरा देण्यास कोणाची हरकत नसावी. पण ॲबिंग्डनमधून जशी बाहेर पडली तशीच, मूळ पत्र्यासह टिकून राहिलेली रबरी बंपरची गाडी कोणी कापावयास काढली, तर त्याला परावृत्त करावे. तिचा उन्हाने करडा पडलेला काळा बंपर साफ करून पुन्हा काळा करता येतो, किंवा फार तर देहाच्या रंगात रंगविता येतो; आणि अँटी-रोल बार व योग्य स्प्रिंगा यांनी तिचे वळणांवरचे डुलणे बंपरला हात न लावताही थांबविता येते.

आपल्या देशात या विवेकाला अलीकडे कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम, उत्पादकाने ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकात नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास मूळचेच मनाई करते. त्यात जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम जारी केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चासी, देह वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहनेच व्हिंटेज म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते, नंबरात व्हीए ही अक्षरे येतात, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. 1974 सालच्या शरदातील पहिल्या रबरी बंपरच्या गाड्यांना 2024 मध्ये पन्नास वर्षे भरली, आणि दरवर्षी त्यांच्यामागच्या गाड्या ही मर्यादा ओलांडीत आहेत. अशा गाडीचे मूळ स्वरूप म्हणजे काळा बंपर आणि एक इंचाने वाढलेली उंची. 1965 सालच्या एम. जी. बी.चे रूप तिच्या बाबतीत मूळ ठरत नाही. तेव्हा परदेशातून अशी गाडी आणण्याचा वा येथेच विकत घेण्याचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी चकचकीत क्रोमवर भाळून सौदा करण्यापूर्वी देहावर ठोकलेला क्रमांक आणि उत्पादनाचे वर्ष पाहावे, मागच्या मडगार्डांच्या खालच्या कोपऱ्यांतील वेल्डिंग आतल्या बाजूने बॅटरीच्या उजेडात तपासावे, आणि ही बदली कोणी, केव्हा व कोणते पत्रे कापून केली याची छायाचित्रे व पावत्या विकणाऱ्याकडून मागून घ्याव्यात.